वाघ बसेल तिथे शीव

मी एकदा वाघ झालो होतो. गावच्या शिमग्याच्या नाटकांत मी कितीतरी वर्षं बायकांची कामं केली, नऊवारी नेसून टाहो फोडला, एकदा तर पदर पेट्रोमॅक्सवर पडून खराखुरा पेटलो. पण त्यातलं कुणाला काही आठवत नाही. गावात आजही म्हातारी माणसं मला थांबवून विचारतात ते एवढंच, "वाघ झालेलास तो तूच ना रे?" मी हो म्हणतो. नट म्हणून मिळालेली ही एकमेव पावती आहे, ती कशाला नाकारू?

आमचं गाव ठाण्याच्या मागे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. पुढच्या दारात उभं राहिलं की लांबवर खाडीकडची मिठागरं चकाकताना दिसायची आणि मागचं दार उघडलं की डोंगर थेट घरात यायचा. आम्ही भातशेतीवाले आगरी. गावातला पहिला मॅट्रिक मी, त्यामुळे ठाण्याच्या कचेरीत कारकून झालो आणि रोज पायी नौपाड्यातून जायला लागलो. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. सरकारला नव्यानव्या गोष्टी सुचत होत्या, आणि त्यातली एक अशी की आमच्या डोंगराचं राष्ट्रीय उद्यान करावं.

गावात या गोष्टीला कोणी उद्यान म्हणालं नाही. सगळे सरकारी बाग म्हणायचे. माझ्या आत्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की डोंगरावर गुलाब लावणार असतील तर त्यांना पाणी कोण घालणार?

ही आत्या म्हणजे आमच्या घरातलं मोठं प्रकरण. तिचं सासर डोंबिवलीकडच्या एका गावात होतं. नवरा लवकर गेला, दिरांनी घर वाटून घेतलं आणि तिच्या वाट्याला म्हशीच्या दोन पारड्या आल्या. त्या दोन पारड्या पुढे घालून ती शीळफाट्यावरून, मुंब्र्याच्या डोंगराखालून, खाडीच्या पुलावरून चालत माहेरी आली. वाटेत एका पारडीने पुलावर बसून घेतलं, तेव्हा आत्याही तिच्या शेजारी बसली आणि दोन्ही बाजूंच्या बैलगाड्या थांबल्या, असं ती सांगायची. खरं असेल. तिच्याकडे बघून मला नेहमी वाटायचं की नाटकाचं वेड आमच्या घराण्यात माझ्या आधीच येऊन बसलं होतं.

त्या दोन पारड्यांच्या पुढे पाच म्हशी झाल्या. आत्या पहाटे धार काढायची, दुधाची बरणी डोक्यावर घेऊन नौपाड्यात वकील-डॉक्टरांच्या घरी रतीब घालायची आणि परत येऊन म्हशी डोंगरावर न्यायची. भावाच्या घरात राहायची, पण भावाचं खात नव्हती, आणि हे ती दिवसातून एकदा तरी मोठ्याने म्हणायची. म्हशी होत्या म्हणून ती आमच्या घरात ताठ होती. म्हशी गेल्या असत्या, तर ती भावाच्या दारात आलेली विधवा बहीण झाली असती. हे तिलाही ठाऊक होतं, बाबांनाही आणि मलाही.

आणि बागेचा पहिला नियम असा ऐकू आला, की आत गुरं सोडायची नाहीत.

दुसऱ्या बाजूला माझे बाबा. आमची भातखाचरं डोंगरातून येणाऱ्या ओहळावर होती. हा ओहळ वर एका झऱ्यातून निघायचा. बाबांच्या लहानपणी तो शिमग्यापर्यंत वाहायचा. आता दिवाळी झाली की त्याची नुसती ओली रेघ उरायची. कारण उघड होतं. कल्याणच्या वखारीचा एक ठेकेदार डोंगरात शिरला होता. त्याची माणसं झाडं तोडून कोळशाच्या भट्ट्या लावायची, आणि पोती भरलेल्या लॉऱ्या आमच्या शेताच्या बांधावरून हॉर्न वाजवत जायच्या. बाबांचं म्हणणं, बाग झाली तर ठेकेदार जाईल, झाडं राहतील, पाणी राहील. मग बाग होऊ दे.

घरात या प्रश्नाची चर्चा रोज संध्याकाळी जेवताना व्हायची. बाबा पाण्याचं बोलले की आत्या गवताचं बोलायची. बाबा म्हणायचे, कोळसेवाला सगळा डोंगर खाऊन जाईल. आत्या म्हणायची, कोळसेवाला एक दिवस जाईल, पण सरकार एकदा आलं की जात नाही. बाबांनी सांगितलं की उद्यानात झाडाचं पानही तोडता येणार नाही, म्हणजे जंगल दाट होईल. आत्याने विचारलं, मग राबाला डहाळ्या कुठून आणणार? हा तिचा डाव फार जबरदस्त होता. आमच्याकडे पावसाआधी भाताच्या रोपवाटिकेवर डहाळ्या आणि पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात; राब केल्याशिवाय रोप धरत नाही अशी बाबांची पक्की समजूत. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "शेणाचा राब करीन." आत्या म्हणाली, "शेन कोनाच्या म्हशींचा?"

मी दोघांनाही हसायचो. माझं मत कोणी विचारलं की ज्याच्या ताटातला मासा मोठा त्याच्या बाजूने द्यायचो.

नौपाड्यात मात्र सगळे एकमताने बागेच्या बाजूने होते. आत्याच्या रतिबाच्या घरी कधी मी बरणी पोचवायला गेलो, की वकीलसाहेब मला बसवून घेत आणि शहराला मोकळ्या हवेची किती गरज आहे ते सांगत. मुलांना सहलीला नेता येईल, पक्षी बघता येतील, डोंगर उघडाबोडका होणार नाही. सगळं खरंच होतं. जाताना त्यांच्या सौभाग्यवती आतून सांगत, की आत्याबाईंना म्हणावं दूध अलीकडे पातळ येतंय आणि सणाला एक शेर जास्त लागेल. नौपाड्याला बागही हवी होती आणि आत्याचं दूधही, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिथे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मीही ते लक्षात आणून दिलं नाही. चहा चांगला असायचा.

मग एक दिवस जंगल खात्याचा एक अधिकारी पाहणीला आला. पुणेरी बोलणं, खाकी अर्धी चड्डी, पायांत पट्ट्या गुंडाळलेल्या आणि स्वभावाने इतका सौम्य की गावच्या कुत्र्यांनाही तो नमस्कार करतो की काय असं वाटावं. त्याने चावडीवर सगळ्यांना बोलावून सांगितलं, की अजून काहीच ठरलेलं नाही, गावाचं म्हणणं ऐकायला मी आलो आहे, आणि विचारलं, "तुमच्या गावाची डोंगराकडची शीव नेमकी कुठे आहे?"

आता हा प्रश्न आमच्या गावाला आजवर कोणी विचारला नव्हता. शीव कुठे ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा गावात मोठे मानले जायचे. त्यांना माहीत नाही असं म्हणता येईना. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "साहेब, आमची शीव वाघ ठरवतो. वाघबारशीला वाघ बसेल तिथे शीव."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तर पंचाईत झाली. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. नौपाड्यात त्या दिवशी गाय-वासराची पूजा. तिथून दोन मैलांवर आमच्याकडे वाघाची. गावातला एकजण वाघ होतो, बाकीचे काठ्या आपटत, डबे बडवत त्याला डोंगराकडे पिटाळतात. तो दमून जिथे बसेल तिथल्या दगडाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. मग सगळ्यांनी त्याला विचारायचं, येशील का आमच्या शिवेत? वाघाने म्हणायचं, नाही येणार. दगडाच्या खालचं गावाचं, वरचं वाघाचं. पण कित्येक वर्षांत वाघ नव्या जागी बसलाच नव्हता. गावाबाहेरच्या आंब्यापर्यंत तो धावायचा, ठरलेल्या दगडावर टेकायचा, आणि मग सगळे खीर खायला घरी. हा नुसता खेळ उरला होता. बाबांच्या एका वाक्याने तो कायदा झाला.

साहेब भलताच खूश झाला. म्हणाला, वाघबारशीला मी येतो. तुमचा वाघ जिथे बसेल तिथून वरचा भाग बागेसाठी सुचवीन. गावाने स्वतः दाखवलेली शीव, याहून चांगलं काय?

आणि त्या वर्षी वाघ व्हायची पाळी आमच्या घराची होती.

घरात नव्याने लढाई पेटली. आता मुद्दा बाग हवी की नको हा नव्हता, मी किती धावायचं हा होता. ओहळाच्या काठाने वर गेलं की आधी झरा लागतो, त्याच्या वर मोठा माळ, आणि माळाच्या वर दाट रान. बाबांचं फर्मान, झऱ्यावर बस. म्हणजे झरा आणि त्याच्या भोवतीची झाडं बागेत जातील, कोळसेवाला हात लावणार नाही. आत्याने मला गोठ्यात बोलावून घेतलं, धारोष्ण दूध दिलं आणि म्हणाली, "बाला, तू माळाच्या पार वर जाऊन बस. तुजी छाती तेवढी हाय." माझी छाती कचेरीतल्या खुर्चीवर बसून कशी झाली होती ते मला ठाऊक होतं. पण दूध पिऊन झालं होतं.

वाघबारशीच्या सकाळी डोंगरातल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या वारली गुराख्याने मला रंगवलं. आधी हळद, मग चुना, मग कोळशाचे पट्टे, पेंढ्याची शेपटी आणि डोक्याला पळसाच्या पानांचे कान. रंगवताना तो मजेत विचारत होता, की आमचा पाडा मग कोणाच्या बाजूला जाणार, वाघाच्या की गावाच्या? साहेब शेजारीच उभा होता. तो म्हणाला, ते बघावं लागेल. बागेच्या बाजूची आणि विरुद्धची इतकी कारणं मी त्यानंतर ऐकली, चारचौघांत स्वतः सांगितलीही, पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला 'बघावं लागेल' याच्या पुढचं उत्तर मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही.

वाघाला एक मोठी बंदी असते. अंगाला रंग लागल्यापासून बसेपर्यंत त्याने माणसासारखं बोलायचं नाही, फक्त गुरगुरायचं. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा धावणं सोपं होतं.

डबे वाजले आणि मी सुटलो. सुरुवात मी झकास केली. बायकांवर झेप घेतली, साहेबाच्या पट्ट्या हुंगल्या, एका काकांची टोपी तोंडात धरून पळालो. आंब्याखालच्या जुन्या दगडाला वळसा घालून पुढे गेलो, तेव्हा मागून मोठा कल्ला झाला. वाघ या वर्षी खरंच निघाला होता. ओहळाच्या काठाने चढण लागली तशी माझी कला कमी झाली आणि धाप वाढली. मागे बाबांचा आवाज, "झऱ्यावर बस, झऱ्यावर!" त्याच्याही वर आत्याचा आवाज, "थांबू नको, पल!" अर्धं गाव बाबांच्या बाजूने ओरडत होतं, अर्धं आत्याच्या. साहेब घाम पुसत मधून चालत होता आणि त्याचा चेहरा इतका आनंदी होता की सरकारी माणूस नोकरीवर एवढा आनंदी मी पुन्हा पाहिला नाही.

झऱ्यापाशी माझे गुडघे आपोआप वाकायला लागले. काठावर जांभळं, उंबर, थंडगार सावली. पण दुधाला जागायचं होतं. मी ओंजळभर पाणी प्यायलो आणि तसाच वर गेलो. बाबांची बाजू मागे हताश होऊन थांबली. माझ्या मागे माळावर आली ती एकटी आत्या, हातात म्हशी वळायची काठी, पदर कमरेला खोचलेला. चाळिशी उलटलेली बाई, पण गावातल्या सगळ्या तरण्यांना तिने मागे टाकलं होतं.

माळ पार करून मी वरच्या टोकाला पोचलो आणि बसायला म्हणून वळलो. कचेरी लागल्यापासून मी इथवर आलो नव्हतो. माझ्या डोक्यात इथून पुढे दाट रान होतं. समोर रान नव्हतं. नुसते बुंधे होते, डोंगराच्या कण्यापर्यंत, आणि मध्ये विझलेल्या भट्ट्यांची काळी वर्तुळं. वरची झाडं गेल्यामुळे पावसात सगळी माती माळावर वाहून आली होती. लहानपणी ज्या गवतात आम्ही लपायचो, तिथे आता गवतापेक्षा टाकळाच जास्त माजला होता. टाकळ्याला म्हैस तोंड लावत नाही.

आत्या रोज इथे येत होती. तिला हे सगळं माहीत होतं. घरी तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं, कारण बाबांना कळलं असतं तर त्यांचीच बाजू जड झाली असती.

मी तिच्याकडे बघितलं. विचारायचं खूप होतं, पण मी वाघ. मी गुरगुरलो.

"गुरगुरू नको," ती म्हणाली. "दिसतंय मना."

तिने काठीने जवळचा एक बुंधा ठोकून बघितला. खाली गाव थांबलं होतं, डबे गप्प झाले होते. आत्याची धाप मात्र लागलेलीच होती.

"तू हितं बसलास," ती म्हणाली, "त खालचा सगला गावाचा. म्हंजे पुढच्या साली झऱ्यावरची झाडं त्या कोलसेवाल्याची."

मी पुन्हा गुरगुरलो, जरा हळू.

"वाघाला हितं सावली तरी हाय का कुठं? चल, ऊठ."

आणि मी अजून बसलोही नव्हतो, तरी तिने मला काठीने म्हशीसारखं वळवलं आणि माळावरून खाली हाकलत आणलं. झऱ्याच्या काठी, उंबराखाली, सगळ्या गावासमोर तिने माझ्या खांद्यावर हात दाबून मला बसवलं. बाबा पुढे आले होते. त्यांना काही कळेना. जिंकल्याचा चेहरा करावा की नाही, याचा विचार त्यांच्या मिशीत दिसत होता.

आत्या साहेबाकडे वळली. "बसला वाघ. आता माजा ऐका. म्हशी वर येनार नाय. पन गवत मी कापून नेनार, हातानं, डोक्यावरून. त्याला आडवायचा नाय."

साहेब म्हणाला, "बाई, मी तसं लिहीन. पण शब्द देता येणार नाही मला."

"वाघ देतो शब्द," आत्या म्हणाली, "तुमाला देता येत नाय?"

साहेब शरमेने लालबुंद झाला. मग त्याने तिला हात जोडले. तेवढ्यात कोणीतरी नारळ फोडला, दगडाला शेंदूर लागला आणि सगळ्यांनी मला विचारलं, येशील का आमच्या शिवेत? मी इतका वेळ कोंडलेला आवाज मोकळा करून म्हणालो, नाही येणार. आयुष्यातलं माझं सर्वांत लहान भाषण तेच.

पुढे साहेबाची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्यांनी आपल्या नकाशांवर आपल्या रेघा ओढल्या, आणि बाग व्हायची तेव्हा झाली. कोळसेवाला मात्र त्या पाहणीनंतर लवकरच गेला, आणि झऱ्यावरची झाडं राहिली. लोक मला विचारतात, झालं ते बरं झालं की वाईट? मी समोरच्या माणसाकडे बघून उत्तर देतो. तो पाण्याचा माणूस असेल तर एक, गुरांचा असेल तर दुसरं. दोन्ही उत्तरं खरी असतात.

दिवाळी झाल्यावर आत्याने तीन म्हशी कल्याणच्या बाजारात नेल्या. डोक्यावरून आणलेल्या गवतावर पाच म्हशी जगत नाहीत, दोनच जगतात. ठेवल्या त्या दोन कोणत्या, तर एक सर्वांत जास्त दूध देणारी आणि एक सर्वांत जास्त लाथा मारणारी. दुसरी का ठेवली असं आईने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, हिला दुसरीकडे कोणी नीट वागवणार नाही. नौपाड्यातली निम्मी घरं तिने सोडली. वकीलसाहेबांचं घर सोडलेल्यांत होतं, आणि माझा तिथला चहा बंद झाला.

ती कल्याणहून परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती विळा घेऊन निघाली, तर बाबा ओट्यावर उभे. खांद्यावर दोर, हातात विळा. आमच्या बाबांनी तोवर डोक्यावर कधी भारा घेतला नव्हता. गावचा मोठा माणूस भारा घेत नसे, गडी घेत. आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती चालायला लागली. बाबा मागोमाग.

उन्हं कलल्यावर मी कचेरीतून परतलो, तर दोघं ओहळाच्या वाटेने उतरत होती. आत्याचा भारा डोक्यावर घट्ट आणि सरळ. बाबांचा भारा एका बाजूला कललेला, अर्धं गवत वाटेवर सांडत येत होतं, आणि मुंडाशात, मिशीत, कानांत सगळीकडे काड्या. मला बघून ते जरा ओशाळले. मी अर्थातच रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

"हसू नको," आत्या भाऱ्याखालून म्हणाली. "दादा, दोर दोनदा फिरवायचा असतो. किती येला सांगू?"

"सांग ना, बाय," बाबा म्हणाले. "उद्यालाबी यायचाच हाय."